मॉरिशसमध्ये भिंतीवर दिसलेली हिरवी-निळी, लाल ठिपक्यांची पाल विषारी असते का? ती इकडे आणून पाळता येईल का?

विषारी अजिबात नाही. समुद्राजवळच्या हॉटेलात, भर उन्हात दिसली आणि मानेवर तपकिरी-पांढरे पट्टे होते असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून ती फेल्सुमा ओर्नाटा असणार. शेपटीसकट जेमतेम 12 सेंमी. पट्टे नसते आणि शेपूट निळीभोर असती, तर मी तिची बहीण फेल्सुमा सेपेडियाना म्हटलं असतं. दोघी मूळच्या मॉरिशसच्याच.

आपल्या ट्यूबलाइटमागच्या पालीच्या उलट हिचा सगळा कारभार दिवसा चालतो. म्हणून डोळ्यातली बाहुली गोल असते, उभी फट नसते. पापण्या मात्र हिलाही नाहीत. डोळे जिभेनेच चाटून पुसते.

किडे खातेच, पण हिची खरी गंमत म्हणजे ही फुलांतला मकरंद पिते. मॉरिशसमधल्या काही फुलांचा मकरंद चक्क लाल किंवा पिवळा असतो. 2006 साली संशोधकांनी खोट्या फुलांत रंगीत आणि बिनरंगी मकरंद ठेवून पाहिला, तर या पाली रंगीत फुलांकडे जास्त वळल्या. पिताना तोंडाला पराग लागतो आणि पुढच्या फुलावर पोचतो, म्हणजे मधमाशीचं काम पाल करते! ट्रोकेशिया नावाच्या एका झुडपाला तर केवड्याच्या जातीची दाट झाडं शेजारी असली की फळं जास्त धरतात. निळ्या शेपटीच्या पाली त्या काटेरी पानांत लपून राहतात आणि तिथूनच फुलांवर येतात.

पाळायचं मात्र डोक्यातून काढा. फेल्सुमाच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. शिवाय पाली इकडून तिकडे नेल्याचे परिणाम मॉरिशस स्वतःच भोगतोय: माणसांनी नेलेली मादागास्करची थोराड फेल्सुमा ग्रँडिस तिथे मोकळी पसरली आणि आता या चिमुकल्या पालींनाच खाते.

पुन्हा गेलात तर माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत बेटावर जा, तिथे वाटाड्यासोबत फिरता येतं. आणि पासपोर्ट न काढता पाहायची असेल तर अंदमान गाठा. फेल्सुमा अंदमानेन्सिस, हिरवीगार आणि लाल खुणांची, तिथे बागांत आणि घरांच्या भिंतींवरही दिसते. बाकीचं सगळं कुळ मादागास्कर आणि आफ्रिकेच्या बाजूला, ही एकटीच इतकी पूर्वेला.