समृद्धीवर दगड उडून समोरची काच तडकली, गाडीत एडीएएस (कॅमेरा-रडारने लेन, ब्रेक सांभाळायला ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम) आहे, नागपुरात बाहेरच्या काचवाल्याकडून बदलली तर चालेल का?

चालेल भाऊ, पण काच बसल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (म्हणजे कॅमेरा पुन्हा अचूक सेट करणं) करून देत असेल तरच, नाहीतर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा. मी काच फिटिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, आरशाच्या मागे जो कॅमेरा असतो ना तो काचेवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये बसतो आणि लेन, समोरची गाडी सगळं काचेतूनच बघतो, त्यामुळे नवीन काचेत अँगल १ डिग्री जरी हलला तरी ५० मीटरवर जवळपास ८७ सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि डॅशबोर्डवर लाईट पेटेलच असं नाही. मग हायवेला स्टिअरिंग भलतीकडे ओढलं किंवा ब्रेक उशिरा लागला तर जीवावर बेतेल, म्हणून हे टाळू नका. आधीच विचारून घ्या:

- काच त्याच व्हेरिएंटची, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटवाली आहे का
- कॅलिब्रेशन कसं करणार, सपाट जागेत टार्गेट बोर्ड लावून की स्कॅनर जोडून रोडवर चालवून (गाडीप्रमाणे वेगळं असते, काहींना दोन्ही लागते, आणि रोडवर करायचं तर लेनचे पट्टे स्वच्छ दिसणारा रस्ता पाहिजे, गल्लीबोळात होत नाही)
- झाल्याचा रिपोर्ट देणार का

इन्शुरन्समधून करत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये आधीच टाकायला लावा. फक्त तुमच्या मॉडेलमध्ये काचेवर कॅमेराच नसेल, नुसता बंपरमध्ये रडार असेल, तर काच बदलल्यामुळे कॅलिब्रेशन लागत नाही.