जेनेटिक अल्गोरिदम नंतर, आधी खेपा मांड

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जहाजांच्या मार्ग आणि वेळापत्रकांवर संशोधन करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. मात्र आराखड्याच्या पहिल्याच पानावर जेनेटिक अल्गोरिदम (उत्तरांची सरमिसळ करत चांगलं उत्तर शोधण्याची पद्धत) आहे, तो तूर्त बाजूला ठेव. त्याने उत्तर मिळतं, पण ते सर्वोत्तम उत्तरापासून किती लांब आहे ते कळत नाही. परीक्षक नेमकं तेच विचारतील.

आधी सेवा कोणती ते ठरव. पीएमपीची बस ठरल्या मार्गाने, ठरल्या वेळी धावते, तशी लायनर. भाडं मिळेल तिकडे रिक्षा जाते, तशी ट्रॅम्प. चाकणच्या कारखान्याची स्वतःची बस असते, तशी इंडस्ट्रियल: माल आपला, जहाजंही आपल्या ताब्यातली. लायनरमध्ये मुळात जाळं आखणंच अवघड. त्यासाठी लायनर-लिब हा खुला डेटासंच आहे. तू ट्रॅम्प घे. छोटी उदाहरणं पूर्ण सुटतात आणि हाताने तपासता येतात.

चार जहाजं, बारा खेपा पुरे. प्रत्येक खेपेपुढे भरण्याचं बंदर, उतरवण्याचं बंदर, टन, भाडं आणि लेकॅन लिही. लेकॅन म्हणजे माल भरायला जहाज कोणत्या तारखांच्या दरम्यान हजर हवं ती मुदत. इथे सगळी जहाजं एका डेपोतून निघत नाहीत. एक आज कांडल्याला मोकळं असतं, दुसरं भर समुद्रात, तिसरं पाच दिवसांनी रिकामं होणार असतं. ट्रकसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा आणला की तो इथेच फसतो.

मग प्रत्येक जहाजाला जमतील ती सगळी वेळापत्रकं संगणकाकडून काढून घे. एक अख्खं वेळापत्रक म्हणजे मॉडेलमधला एक स्तंभ. भाड्यातून इंधन आणि बंदरखर्च वजा केला की त्याचा नफा. अटी तीनच: कराराची खेप बरोबर एकदा, स्पॉटची (करार नसलेली, घेतली तर घेतली अशी) फार तर एकदा, दर जहाजाला एकच स्तंभ. ‘काहीच न करणं’ हाही स्तंभ प्रत्येक जहाजाला दे, विसरू नकोस. दर वेळी जहाजभर एकच खेप असेल तर स्तंभ आटोक्यात राहतात. संख्या फुगली की कॉलम जनरेशनकडे, म्हणजे गरजेपुरतेच स्तंभ तयार करत जाण्याच्या पद्धतीकडे वळ. वेळेच्या अटी बिग-एम (अट चालू-बंद करणारा भलामोठा आकडा) लावून थेट मांडल्यास रिलॅक्सेशन (पूर्णांकांची अट सोडून दिलेलं मॉडेल) फार सैल होतं, आणि सॉल्व्हर रात्रभर चालूनही गॅप, म्हणजे हाती आलेलं उत्तर आणि सर्वोत्तमाची मर्यादा यांतलं अंतर, हलत नाही.

वेगावर मात्र मनापासून वेळ घालव. रोजचं इंधन साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. समज, 3,360 सागरी मैल जायचंय आणि 14 नॉटला (ताशी 14 सागरी मैल) रोज 40 टन लागतात. 10 दिवस, 400 टन. बंदरात मुदत बाराव्या दिवसाच्या अखेरीस सुरू होत असेल, तर जहाज दोन दिवस नांगर टाकून उभं. तेच 12 नॉटने नेलं तर 11 दिवस 16 तास लागतात, रोज सुमारे 25.2 टन, एकूण 294. शंभराहून अधिक टन वाचले आणि मुदतही गाठली. बंदरांचा क्रम पक्का झाला की पोहोचण्याच्या वेळांचे तुकडे पाडून हा प्रश्न शॉर्टेस्ट पाथ (सर्वात कमी खर्चाची वाट शोधणं) म्हणून सोडवता येतो. घनाचा नियम फार कमी वेगाला लागू धरू नकोस, जनरेटरचं इंधन वेगळं मोज, आणि बॅलास्टमध्ये म्हणजे रिकामं जाणाऱ्या जहाजाचा खप भरलेल्यापेक्षा वेगळा ठेव.

अंतरं सरळ रेषेने मोजू नकोस, रेषा जमिनीवरून जाते. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात तेवढ्याच इंधनात वेग कमी मिळतो, तेव्हा प्रवासाचा काळ महिन्यानुसार बदल. उथळ बंदरात भरलेलं जहाज भरतीलाच आत येतं. दोन तासांच्या उशिराने पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते आणि डिमरेजचा (जहाज ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकल्यास द्यावी लागणारी भरपाई) हिशोब बदलतो.

आणखी एक चूक हमखास होते. नियोजनाचा काळ 60 दिवसांचा ठेवला, की मॉडेल 60व्या दिवशी जहाज कुठल्यातरी आडबंदरात सोडून मोकळं होतं, कारण पुढचं त्याला दिसत नाही. शेवटच्या जागेला किंमत लाव, किंवा दर आठवड्याला काळ पुढे सरकवत पुन्हा सोडव.

बारा खेपांचा तक्ता आणि तुझे स्तंभ पाठव, एकेक ओळ पाहू.

कळावे.