पेनियाला ‘अक्काबाई’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ग्रीक कथांमधल्या पेनिया, लिमॉस, ऑइझिस या दारिद्र्य, उपासमार, दैन्याच्या मूर्त रूपांना मराठीत राक्षस म्हणायचं, भुतं म्हणायचं की देवता? आणि पेनियाला सरळ ‘अक्काबाई’ म्हटलं तर?

राक्षस नकोच. अशांना ग्रीक ‘डायमॉन’ म्हणत, आणि डायमॉन भला असतो किंवा बुरा. त्याला सैतानी वास लागला तो पुढे, ख्रिस्ती काळात. ‘देवता’ चालेल. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या देववंशावळीत ऑइझिस ही निक्सची, म्हणजे रात्रीची मुलगी. लिमॉस (उपासमार) आणि पोनॉस (कष्ट) ही निक्सची नातवंडं, कलहदेवी एरिसची पोरं. ऑइझिसला ‘दैन्य’ऐवजी ‘दैना’ म्हणावं. नपुंसकलिंगी शब्दाला लुगडं कसं नेसवणार?

खरी मेख पेनियाची. शब्दकोश ‘दारिद्र्य’ सांगतील, पण ॲरिस्टोफेनिसच्या ‘प्लुटस’ नाटकात (इ.स.पू. 388) ती स्वतः रंगमंचावर येऊन भांडते. मी नसेन तर लोहारकाम कोण करील, जोडे कोण शिवील, असा तिचा सवाल. भिकाऱ्याजवळ काहीच नसतं. माझा माणूस काटकसरीनं राहतो, राबतो, त्याचं अडत नाही आणि उरतही नाही, असंही ती बजावते. म्हणजे हातावर पोट असलेल्यांची ही बाई. तिला ‘गरिबी’ म्हणा; लिंगही जुळतं. अक्काबाई म्हणजे अलक्ष्मी, लक्ष्मीची थोरली बहीण. तिचा फेरा आला की घर धुऊन निघतं. ती असा युक्तिवाद करत बसत नाही.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे मात्र पेनियाचा सूर वेगळा आहे. सालामिसच्या लढाईनंतर (इ.स.पू. 480) अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लिस आंद्रोस बेटावर खंडणी मागायला गेला. माझ्यासोबत मनधरणी आणि सक्ती या दोन थोर देवता आहेत, म्हणाला. बेटकऱ्यांचं उत्तर: आमच्याकडेही दोन आहेत, पेनिया आणि अमेखानिया. कुचकामी, पण बेट सोडायला तयार नाहीत! इथे ‘गरिबी आणि हतबलता’ झकास बसतं.

अक्काबाईचा मोह आवरत नसेल तर तिला ग्रीसमधल्या केरोनिया गावच्या विधीसाठी राखून ठेवा. तिथे बूलिमॉस, म्हणजे घोर भूक, हाकलत. निर्गुडीच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या छड्यांनी गुलामाला मारून दाराबाहेर काढायचं आणि म्हणायचं: भूक बाहेर, धन-आरोग्य आत! लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री केरसुणीनं अलक्ष्मी काढतात, त्याच्याशी हे जवळचं आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कनं तिथला नगरप्रमुख असताना गावाच्या वतीनं हा विधी स्वतः केला होता.