पोलीस मोबाईल मागतात तेव्हा

प्रश्न: भाची शिकायला अमेरिकेत गेलीय. ती सांगते, तिकडे अटक झाली तरी पोलिसांना वॉरंटशिवाय मोबाईल उघडून बघता येत नाही. पण त्यांची घटना तर केवढी जुनी, तेव्हा कुठे होते मोबाईल? मग कोर्ट हे आणतं कुठून?

उत्तर: चौथ्या अमेंडमेंटमधून, म्हणजे त्यांच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीतून. ही 1791 ची, आणि त्यात एवढंच की माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची, चीजवस्तूंची उगाच झडती घ्यायची नाही, वॉरंट हवं तर ठोस कारण द्या आणि कुठे काय शोधणार ते नीट लिहा. आता यात फोन कसा बसवायचा यावरच कोर्टाची कितीतरी वर्षं गेली.

1928 ची ओल्मस्टेड केस बघा. दारूबंदीचा काळ, सिएटलमध्ये चोरट्या दारूचा मोठा धंदा चालायचा, सरकारी माणसांनी त्या लोकांचे फोन टॅप केले पण तारा जोडल्या घराबाहेर, म्हणून सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 ने म्हणालं की घरात कुणी शिरलंच नाही तर झडती कसली! न्यायमूर्ती ब्रँडाइस विरोधात होते, त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की उद्या अशी साधनं निघतील की ड्रॉवरमधले कागद न हलवता सरकार ते कोर्टात मांडू शकेल. 1928 मध्ये हे दिसणं म्हणजे कमाल आहे.

मग 1967 ची कॅट्झ केस, त्यात एफबीआयने पब्लिक फोनच्या बूथला बाहेरून यंत्र लावून एका सट्टेवाल्याचं बोलणं ऐकलं होतं. यावेळी कोर्टाने जुना हिशेब मोडला, म्हणालं संरक्षण माणसाला आहे, जागेला नाही. अमेंडमेंटचा एक शब्द बदलला नव्हता बरं का, बदलला तो फक्त कोर्टाने विचारायचा प्रश्न.

मध्ये 1979 मध्ये कोर्ट असंही म्हणालं की डायल केलेला नंबर तुम्ही स्वतःच कंपनीला देता, मग तो खाजगी कसा? मला हे कधीच पटलेलं नाही, नंबर न देता फोन लावायचा तरी कसा?

भाची म्हणते तो निकाल 2014 चा, रायली केस, सगळे 9 न्यायमूर्ती एकमताने. अटकेत खिसे तपासतात ते हत्यार सापडावं, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, पण मोबाईलमधल्या फोटोंनी कुणावर हल्ला होत नाही आणि त्यात अख्खं आयुष्य असतं, तेव्हा आधी वॉरंट घ्या. 2018 मध्ये कार्पेंटर केसमध्ये टॉवरवरून काढलेल्या 127 दिवसांच्या लोकेशनलाही वॉरंट लागेल असं ठरलं, पण 5 विरुद्ध 4, म्हणजे थोडक्यात वाचलं.

भाचीला दोन गोष्टी मात्र सांगा. पोलिसांनी विचारल्यावर तिने आपणहून फोन हातात देऊन "बघा" म्हटलं तर वॉरंट लागतच नाही. आणि बाहेरून अमेरिकेत परत जाताना एअरपोर्टवर हा निकाल ढाल म्हणून धरू नये, सीमेवरच्या तपासणीला वॉरंटचा नियम सहसा लागत नाही आणि तिथल्या मोबाईलबद्दल सुप्रीम कोर्टाने अजून काही ठरवलेलं नाही.