रबरावर निळे ठिपके आले कुठून?

प्रश्न : काका, नमस्कार. मी निपाणी तालुक्यातला. कोगनोळी नाका ओलांडून रोज कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो. दसऱ्याला कोल्हापूरच्या एका शोरूममधून १२५ सीसीची निळी गाडी घेतली, सगळं मिळून एक लाख चौदा हजार. डिलिव्हरी मिळाली संध्याकाळी सात वाजता. हार, नारळ, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी अंगणात गाडी पुसताना लक्षात आलं, टाकीच्या डाव्या बाजूला, गुडघा लागतो तिथं, तळहाताएवढा भाग वेगळाच दिसतोय. उन्हात तिथला निळा जरा काळपट, आणि हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखं लागतंय. मित्रानं सीट काढून बघितली, तर टाकीच्या मागच्या काळ्या रबरावर बारीक निळे ठिपके. शोरूमला गेलो. ते म्हणाले, ‘पेंटला वॉरंटी नसते, आणि गाडी सुस्थितीत मिळाली म्हणून तुम्ही सही केलीय.’ दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, ‘पासिंग चिक्कोडीचं आहे, तिकडच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.’ तिकडं गेलो, तर ‘इल्ली आगोदिल्ल (इथं होत नाही), घेतली तिथंच जावा.’ आता शोरूमचा फोन आलाय, गाडी दोन दिवस सोडा, टचअप करून देतो, वर एक सर्व्हिस फुकट. घरचे म्हणतात, घे आणि मिटव. काय करू? आणि केस करायची झालीच तर बेळगावला जायचं की कोल्हापूरला?

उत्तर : गाडी सोडू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी.

तुमच्या पत्रात सगळा भर टाकीवरच्या डागावर आहे, आणि खरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. टाकी कारखान्यात रंगवतात तेव्हा ती मोकळी असते. तिला झाकण नसतं, पाइप नसतो, रबर नसतं. रंग मारून, भट्टीत भाजून ती बाहेर येते आणि मग गाडीवर चढते. रबर तिच्या बुडाला लागतं ते त्यानंतर. मग रबरावर निळा रंग आला कुठून? त्याचं एकच उत्तर आहे. गाडी जोडून झाल्यावर कुणीतरी तिच्यावर रंगाची गन फिरवली.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एकवीस वर्षं मी गन चालवली आणि अशा टाक्या मी स्वतः मारल्या आहेत. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या आदल्या रात्री एखाद्या शोरूमचा पोरगा नवी गाडी ढकलत घेऊन यायचा. ट्रकमधून उतरवताना शेजारच्या गाडीचं हँडल घासलेलं असायचं, नाहीतर बांधलेल्या पट्ट्याचा वण. ‘उद्या सकाळी डिलिव्हरी आहे, साहेबांना कळू देऊ नका.’ टाकी रीतसर सोडवायची तर पेट्रोल काढा, पाइप काढा, बोल्ट सोडा. तेवढा वेळ कुणाला? ओरखड्यावर पॉलिश पेपर फिरवायचा, पुट्टी लावायची, आजूबाजूला वर्तमानपत्र आणि टेप मारायची आणि दोन हात द्यायचे. रंगाची धूळ सगळ्यात आधी कुठं जाते माहीत आहे? रबरावर. कारण रबराला टेप नीट धरतच नाही, कडेनं उचलते. सकाळी गाडीला हार घालून घेणारा माणूस सीट काढून बघत नसे, म्हणून आमचं निभावलं. तुमच्या मित्रानं बघितलं. त्याला चहा पाजा.

एक सांगतो, शोरूमचा मालक लबाडच असेल असं धरून चालू नका. पुष्कळदा हे खालच्या माणसानं परस्पर केलेलं असतं, आणि मॅनेजर तुमच्याशी हुज्जत घालतो तेव्हा त्याला खरोखरच ठाऊक नसतं. म्हणून पहिलं पत्र शांत डोक्यानं लिहा. पण त्याआधी पुरावा.

त्या रबराला हात लावू नका. पेट्रोलच्या फडक्यानं तर अजिबात पुसू नका, ठिपके निघून जातील. सकाळच्या उन्हात त्याचे जवळून फोटो काढा, एक फोटो असा की त्यात रबर आणि नंबर प्लेट दोन्ही येतील. मग शोरूमच्या पोराला सांगून डिलिव्हरीचा तो किल्लीवाला मूळ फोटो मागवून घ्या. गाडीची डावी बाजू कॅमेऱ्याकडे असली तर मोठा करून बघा. शोरूमच्या ट्यूबलाइटची रेघ चकचकीत टाकीवर सरळ उमटते आणि दुसऱ्यांदा मारलेल्या रंगावर येऊन ती थरथरल्यासारखी वाकडी होते. दिसलं, तर तुम्ही घरी नेऊन काही केलंत हा आरोप तिथंच संपतो, कारण फोटो त्यांचाच, त्यांच्याच छपराखाली काढलेला.

यानंतर मायक्रॉन मीटर, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र. जुन्या चारचाकी गाड्यांचा धंदा करणाऱ्याकडं हे यंत्र हमखास असतं, कोल्हापुरात मिळेल, बेळगावातही. टाकी लोखंडी पत्र्याची असल्यानं त्याच्यावर ते चालतं. (बाजूच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलवर लावू नका, आकडा येणार नाही आणि तुम्हाला वाटेल यंत्र बिघडलं.) कारखान्याचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आगेमागे असतो. वरून पुट्टी आणि रंग चढला की आकडा दुपटीच्या वर जातो. उजव्या बाजूचे चार आकडे, डाव्या पॅचवरचे चार आकडे, यंत्राच्या पडद्याचा फोटो. एखाद्या विमा सर्व्हेअरकडून हे कागदावर सहीनिशी घेतलंत तर उत्तमच.

आता टचअप का नको ते बघा. कारखान्यात मोकळी टाकी सव्वाशे-दीडशे अंशांच्या भट्टीत भाजतात. गाडीवर चढलेल्या, पेट्रोल भरलेल्या टाकीला तेवढी उष्णता देताच येत नाही, म्हणून वरून मारलेला रंग उन्हावर आणि वाऱ्यावर सुकवतात. तसला रंग पेट्रोलला दबतो. पंपावरचा पोरगा नळी काढताना चार थेंब सांडतोच. ते सहा महिने रोज ओघळत राहिले की कडा फुगते आणि नखानं पापुद्रा निघतो. म्हणजे ते तुम्हाला देऊ करतात तो एका टचअपवर दुसरा टचअप, आणि ते करताना रबर बदललं की तुमचा पुरावाही गेला. फुकट सर्व्हिसचं म्हणाल तर सुरुवातीच्या सर्व्हिसची मजुरी तशीही माफ असते. तुमचंच तुम्हाला देतायत.

मागायचं ते एवढंच : त्याच रंगाची कंपनीची नवी टाकी, रबरासकट, त्यांच्या खर्चानं बसवून, आणि बसवल्याचा कागद. टाकीवर नंबर नसतो, आरसीत इंजिन आणि चासीचा नंबर असतो, त्यामुळं रंग तोच राहिला तर आरटीओची पायरी चढायची गरज नाही. नवी गाडीच द्या म्हणून हटून बसू नका. एका टाकीसाठी अख्खी गाडी कुठलाही ग्राहक आयोग सहजी देणार नाही, आणि तुमची खरी मागणीही त्यात हलकी होते.

त्यांची दोन उत्तरं आता निकालात काढू. पेंटला वॉरंटी नसते, बरोबर. वॉरंटी ही गाडी ताब्यात आल्यानंतर काय होतं त्यासाठी. तुमची तक्रार वॉरंटीची नाहीच, दुरुस्त केलेली वस्तू न सांगता नवी म्हणून विकल्याची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय, कलम २ मधलं ४७ वं पोटकलम वाचून घ्या. आणि सही? संध्याकाळी सातला, दिव्याखाली, सीट न काढता जे दिसणंच शक्य नव्हतं, त्याच्यावर सही केली म्हणून हक्क जात नाही. तसं पत्रात लिहा, नेमक्या याच शब्दांत लिहिलंत तरी चालेल.

पत्र शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, दोघांनाही. विकणारा एकटा नको, नाहीतर तो कंपनीकडं बोट दाखवेल आणि कंपनी त्याच्याकडं. घेतल्याची तारीख, चासी नंबर, काय दिसलं, काय हवंय, १५ दिवसांची मुदत. एका पानात बसवा. स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा आणि तेच ई-मेलवरही टाका. आजवर तुम्ही तोंडीच भांडलाय, आणि तोंडी भांडणाचा कुठंही जावक क्रमांक नसतो. मुदत संपली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एक लाख चौदा हजाराच्या गाडीपायी आयोगापर्यंत जायला नको म्हणून पुष्कळ प्रकरणं इथंच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आता बेळगाव की कोल्हापूर. ‘घेतली तिथं जा’ आणि ‘राहता तिथं दाखवा’ ही दोन वाक्यं आपल्या भागातल्या माणसाला नवी नाहीत. रेशन कार्डापासून सातबाऱ्यापर्यंत आपण ऐकतच आलोय. पण या एका बाबतीत कायदा आपल्या बाजूनं उभा आहे. २०१९ च्या कायद्याचं कलम ३४ सांगतं की समोरच्याचा धंदा जिथं आहे तिथं तक्रार करता येते, तुम्ही राहता तिथंही, आणि पोटासाठी काम करता तिथंही. जुन्या कायद्यात राहता तिथं ही सोय नव्हती. म्हणजे तुम्हाला बेळगावही खुलं, कोल्हापूरही. लोक घराजवळचं म्हणून बेळगाव धरतात, पण निपाणीहून बेळगाव सत्तर किलोमीटरच्या वर आणि कोल्हापूर चाळीस. तुम्ही तर निम्मी वाट रोज कागलपर्यंत तुडवताच. शिवाय कोल्हापुरात अर्ज मराठीत लिहिता येईल. बेळगावात मी तुम्हाला कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या असं सांगितलं असतं, त्याचे लिहिणावळीचे पैसे वेगळे. माझं मत कोल्हापूर. सुट्टी पडत असेल तर व्हिडिओवरून सुनावणी मिळावी असा अर्ज करायची तरतूदही आहे, मागून बघा.

घरच्यांना सांगा, मिटवायचंच आहे, फक्त टाकीवर मिटवायचंय. माझ्या अंदाजानं पत्र गेल्यावर आठ-दहा दिवसांत शोरूमचा फोन येईल आणि सूर बदललेला असेल. बोलावलं तर सकाळी जा, उजेडात. टाकी उतरवताना समोर उभे राहा, आतलं पेट्रोल किती लिटर निघालं ते जॉबकार्डवर लिहून घ्या आणि नवी टाकी बसण्याआधी उन्हात नेऊन दोन्ही बाजू बघा, मागचं बूडसुद्धा. जुनं रबर मात्र तिथं टाकू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आणा आणि नवी टाकी बसवल्याचा सही-शिक्क्याचा कागद हातात येईपर्यंत जपून ठेवा.