१९व्या शतकात चीनमधल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचं रोजचं आयुष्य कसं होतं?

प्रवचनापेक्षा भाषा, दवाखाना आणि शाळा यांतच त्यांचा जास्त वेळ जायचा.

रॉबर्ट मॉरिसन १८०७ साली कँटनला (दक्षिण चीनमधलं बंदर, आजचं ग्वांगझू) पोहोचले, तेव्हा परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणं हाच गुन्हा होता. शिकवणारे जीव मुठीत धरून यायचे. मॉरिसन चरितार्थासाठी ईस्ट इंडिया कंपनीत दुभाष्याचं काम करत आणि त्यातून वेळ काढून शब्दकोश रचत, बायबलचं भाषांतर करत.

डॉ. पीटर पार्कर यांनी १८३५ मध्ये कँटनलाच डोळ्यांचा दवाखाना काढला. दारात प्रत्येक रुग्णाला नंबराची बांबूची पट्टी मिळे आणि त्या क्रमानं तपासणी होई. सुरुवातीची कित्येक वर्षं मोठमोठ्या गाठीसुद्धा भूल न देता कापल्या जात. त्या रुग्णांच्या धीराला खरंच तोड नाही.

हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनमध्ये (१८६५) ठरलेला पगार नव्हता. चिनी पोशाख घालून, पुरुषांनी वेणी राखून, लोक आतल्या प्रांतांत राहायला जात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते स्त्री मिशनऱ्यांचं काम: घरोघरी जाऊन बायकांना वाचायला शिकवणं, मुलींच्या शाळा, मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते घट्ट बांधण्याच्या प्रथेला विरोध. त्यांची स्वतःची मुलं मात्र अनेकदा दूर, चीफू या किनाऱ्यावरच्या गावातल्या निवासी शाळेत वाढायची.

आणि रोष कायम होता. ब्रिटनसारख्या परकीय सत्तांनी अफूच्या युद्धांनंतर चीनवर लादलेल्या तहांमुळेच त्यांना देशाच्या आतल्या भागात उघडपणे शिरता आलं होतं, हे लोक विसरले नव्हते. १९००च्या बॉक्सर उठावात, म्हणजे परदेशी लोकांविरुद्धच्या बंडात, अनेक मिशनरी मारले गेले, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त चिनी ख्रिस्ती.