पावसाच्या तोंडावर डांबरीकरण झालं, आता ठेकेदाराचा चेक थांबवायचा का?

प्रश्न : आमची पुण्याजवळ ४० सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे. गेटपासून पार्किंगपर्यंतच्या ६०० चौरस मीटरच्या डांबरीकरणाचं काम ४ लाख ८० हजारांना दिलं. कोटेशनवर ‘४० मिमी हॉटमिक्स (म्हणजे गरम डांबर-खडीच्या मिश्रणाचा थर), एक वर्ष गॅरंटी’ एवढंच लिहिलंय. काम ९ आणि १० जूनला झालं. दुसऱ्या दिवशी रोलर फिरत असतानाच सर आली, तरी काम थांबवलं नाही. महिनाअखेरीस खडी सुटायला लागली, आता ऑगस्टमध्ये गेटजवळ दोन खड्डे आहेत. ३ लाख देऊन झाले, उरलेल्या १ लाख ८० हजारांचा ३० सप्टेंबरचा चेक त्याच्याकडे आहे. तो म्हणतो, घाई तुमची होती, शिवाय पाण्याचा टँकर रोज तिथेच उभा राहतो. चेक थांबवावा का? काही सभासद फसवणुकीची पोलीस तक्रार करा म्हणतात. – संस्थेचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, आधी चेकचं बोलू, कारण तारीख जवळ आली आहे. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ची चिठ्ठी दिली की आपण सुटलो, असा समज सोसायट्यांमध्ये फार आहे. तसं नाही. स्टॉप पेमेंटमुळे परतलेला चेकही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच स्पष्ट केलं आहे. चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत ठेकेदार नोटीस पाठवणार, ती मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस, ते उलटले की पुढच्या महिन्याभरात त्याची तक्रार. त्यात संस्थेबरोबर सह्या करणारे पदाधिकारीही व्यक्तिशः आरोपी होऊ शकतात.

अशा खटल्यात चेक हा कायदेशीर देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. ते दाखवता येतं, पण कागद चेकच्या तारखेच्या आधीचे लागतात. १ ऑक्टोबरला आठवलेल्या तक्रारीला फारशी किंमत राहत नाही. म्हणून या आठवड्यातच ठेकेदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : काम सदोष आहे, अमुक तारखेला संयुक्त पाहणीला या, दोष दूर होईपर्यंत शिल्लक रकमेबद्दल आमचा वाद आहे, तोवर चेक भरू नका किंवा परत करा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दाद मिळाली नाही, तर कमिटीत ठराव करून, कारण लिहूनच स्टॉप पेमेंट द्या. मात्र खात्यात त्या दिवशी १ लाख ८० हजारांहून जास्त शिल्लक असलीच पाहिजे. पैसे होते पण काम सदोष म्हणून अडवले, आणि पैसेच नव्हते, या दोन्हींत न्यायालय मोठा फरक करतं.

आता घाई कोणाची, हा प्रश्न. वादाचा खरा गाभा हाच आहे. पुण्यात मॉन्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे ‘पाऊस आला, मी काय करणार’ हे अस्मानी संकटाचं कारण टिकायचं नाही. कॅलेंडरवर लिहिलेल्या पावसाला आकस्मिक म्हणता येत नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या कामांच्या मानकांतही पाऊस पडत असताना किंवा येण्याच्या बेतात असताना, आणि खालचा थर ओलसर असताना डांबरी मिश्रण पसरू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ही मानकं सरकारी रस्त्यांसाठी आहेत, तुमच्या करारात ती आपोआप येत नाहीत. पण या धंद्यात रीत काय, हे दाखवायला ती उत्तम पुरावा आहेत.

पण तुमचीही बाजू तपासतो. कमिटीतल्या कुणी ‘काहीही करून पावसाआधी उरका’ असा मेसेज टाकला होता का? असेल तर तो समोर येणारच. त्यावर ठेकेदाराने ‘आता नको, दिवाळीनंतर करू’ असं लेखी सुचवलं असेल, तर तुमची केस चांगलीच पातळ होते. उलट तो ‘साहेब, होऊन जाईल’ म्हणाला असेल, तर जाणकार तो आहे, धोका सांगायची जबाबदारी त्याची. सेवा देणाऱ्याने आपल्या कामातलं ज्ञान वापरायचं असतं, ग्राहकाच्या हट्टामागे लपायचं नसतं. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपमधलं एक अक्षरही डिलीट करू नका, स्वतःच्या विरोधातलंसुद्धा. आपोआप मेसेज पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा.

टँकरचा मुद्दा त्याने नंतर शोधला आहे. कोटेशनवर एक वर्षाची गॅरंटी आहे, तीत टँकर, पाणी, वजन असा काहीच अपवाद नाही, आणि सोसायटीत टँकर येतो हे काम घेताना त्याला दिसत होतं. तरीही हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. डांबराचं आणि साचलेल्या पाण्याचं कधी जमत नाही. टँकरच्या पाइपची गळती, गेटजवळची तुंबलेली जाळी, बागेचं वाहणारं पाणी, गाडीखाली ठिबकणारं डिझेल-ऑइल, जागच्या जागी स्टिअरिंग वळवणारी कचऱ्याची गाडी, या सगळ्यांनी चांगला रस्ताही उखडतो. पाहणीत त्याचा माणूस नेमका हेच फोटो काढणार. जाळ्या आजच साफ करा, टँकरला दुसरी जागा द्या आणि सुरक्षारक्षकाच्या वहीत तशी नोंद ठेवा.

पुराव्यात मला सगळ्यात आवडतो तो काट्याचा कागद. हॉटमिक्स प्लँटवरून निघालेल्या प्रत्येक ट्रकची वजनपावती असते. ६०० चौरस मीटरवर ४० मिमी म्हणजे दबाईनंतर २४ घनमीटर, आणि एक घनमीटर माल साधारण २.३ ते २.४ टनांचा, म्हणजे ५५ ते ५८ टन माल उतरायला हवा होता. त्याच्याकडून पावत्या मागा. बेरीज ४० टनांवर थांबली, तर पावसाचा वाद बाजूला राहतो आणि जाडीच कमी दिली, हे समोर येतं. पावत्यांवर वेळही असते. हे मिश्रण १४० अंशांच्या वर असताना पसरून ९० अंशांच्या खाली जायच्या आत दाबायचं, अशी मानकांतली अपेक्षा आहे. ट्रक दोन तास वाहतुकीत अडकला असेल, तर तेही पावतीवरच्या आणि गेटवर पोचल्याच्या वेळेवरून दिसेल. जोडीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कोअर, म्हणजे रस्त्याच्या थराचा गोल नमुना, कापून जाडी आणि डांबराचं प्रमाण तपासून घ्या. त्याला लेखी बोलावून त्याच्यासमोर कापा. तो आला नाही, तर तसा पंचनामा करा.

खड्डे मात्र तसेच ठेवू नका. ‘पुरावा आहे, हात लावू नका’ म्हणून महिनोन्‌महिने खड्डे जपणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाई ठरवताना तुम्ही नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी काय करू शकत होता, हेही पाहतं. शिवाय कुणी सभासद दुचाकीवरून पडला तर तो ठेकेदाराला नाही, तुम्हाला विचारणार. कोअर काढून झाले, फोटो झाले, की कोल्डमिक्सने (गरम न करता वापरायच्या डांबरी मिश्रणाने) तात्पुरते भरा आणि बिल जपून ठेवा.

पत्राने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. सहकारी संस्था २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यक्ती’ आहे, तिला तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने फी नाही. मुदत वादकारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्हाला अधिकार देणारा कमिटीचा ठराव जोडायला विसरू नका, निव्वळ तेवढ्यावरून तारखा पडतात. पोलिसांचा नाद सोडा, काम वाईट झालं म्हणजे फसवणूक होत नाही, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं.

माझा अनुभव असा, की पावत्या आणि कोअरची भाषा सुरू झाली की ठेकेदार दिवाळीनंतर पुन्हा थर टाकायला तयार होतो. तसं ठरलं तर स्टॅम्प पेपरवर घ्या : नोव्हेंबर ते मे यांतली नेमकी तारीख, खालचा थर साफ करून टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून मारलेला डांबराचा पातळ हात), जाडी, तुमच्या माणसासमोर वजनपावत्या, पूर्ण थंड होईपर्यंत गाड्या बंद, गॅरंटी नव्या कामाच्या तारखेपासून आणि देखभालीच्या त्याच्या अटी त्यातच लिहिलेल्या. शिल्लक रक्कम काम पाहून देण्याची अट घाला, आणि जुना चेक हातात आल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका.